विहिरीतला पिकू

कोकणातल्या जुन्या विहिरीच्या काठावरून खाली वाकून पाहिलं, तर मासा दिसत नाही. दिसतो तो ठिपका. काळ्या-हिरव्या पाण्यावर अगदी पृष्ठभागाशी चांदीचा एक टिपूस सरकत असतो. जरा थांबतो, वळतो, पुन्हा सरकतो. डोळे अंधाराला सरावले की त्या ठिपक्यामागे बोटाएवढं निमुळतं अंग हळूहळू उमटू लागतं. रहाट करकरला, पोहरा पाण्यावर आपटला की ठिपका क्षणात नाहीसा होतो आणि पाणी निवळलं की पुन्हा तिथंच, जणू मधे काही घडलंच नाही.

हा पिकू. शास्त्रीय नाव ॲप्लोकायलस लिनिएटस. ओढे, भातखाचरं, तळी, खाडीलगतचं मचूळ पाणी आणि विहिरी हे त्याचं घर. सह्याद्रीच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंतच्या पट्ट्यात, महाराष्ट्र-गोव्यापासून केरळपर्यंत तो आढळतो. लांबी फार तर दहा सेंटिमीटर. पण या लहानशा अंगाची सगळी ठेवण एकाच कामासाठी झालेली आहे, ते म्हणजे पाण्याच्या कातडीला चिकटून राहणं. पाठ सपाट, तोंड वरच्या बाजूला उघडणारं, डोळे मोठे आणि वर लागलेले, पाठीवरचा पर थेट शेपटीजवळ सरकलेला. त्यामुळे पृष्ठभागाखाली अर्ध्या इंचावर तो काठीसारखा निश्चल तरंगत राहतो आणि वर किडा पडला रे पडला की झेपावतो. कधी पाण्याच्या वरसुद्धा. त्याची उडी ही खोड नाही, त्याच्या पोटापाण्याचा आणि जीव वाचवण्याचा तो मार्ग आहे.

या उडीमुळेच जगभरच्या हौशी लोकांना पिकू ठाऊक झाला. काचेच्या टाकीवर झाकण नसेल तर सकाळी मासा जमिनीवर वाळलेला सापडतो, हा धडा हॅम्बुर्गपासून फिलाडेल्फियापर्यंत किती घरांनी घेतला असेल त्याची गणती नाही. मात्र ज्या शहराच्या नावानं हा मासा शास्त्राच्या दप्तरात नोंदला गेला, त्या मुंबईत आज त्याला नावानं ओळखणारी माणसं शोधावी लागतात. हे असं का झालं, याची गोष्ट विहिरी, डास, जहाजं आणि काच यांच्यातून जाते.

सुरुवात बंगालपासून करावी लागते. फ्रान्सिस बुकानन-हॅमिल्टन हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. त्यानं बंगालची पाहणी करता करता नद्यांतले मासे जमवले, स्थानिक चित्रकारांकडून त्यांची चित्रं काढवून घेतली आणि 1822 मध्ये गंगा व तिच्या फाट्यांतल्या माशांवर ग्रंथ काढला. त्यात 269 जातींची वर्णनं आहेत. हॅमिल्टनची एक सवय फार मोलाची होती. कोळी माशाला जे नाव सांगत, तेच तो शास्त्रीय नावात घाली. पिकूच्या बंगाली भावंडाचं नाव त्यानं असंच स्थानिक बोलीतून उचललं आणि 'पँचॅक्स' असं लिहिलं. लांबट तोंड पाहून त्यानं त्याला युरोपातल्या पाइक या शिकारी माशाच्या गणात बसवलं. गण पुढे बदलला, पण नाव टिकलं. आज न्यूयॉर्कमधला दुकानदार 'पँचॅक्स' म्हणतो, तेव्हा दोनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या बंगाली कोळ्याचा शब्दच तो उच्चारत असतो.

पश्चिम किनाऱ्यावरच्या पिकूची नोंद झाली 1846 मध्ये, पॅरिसला. क्युव्हिए आणि व्हॅलान्सिएन यांनी माशांचा बृहद्ग्रंथ लिहायला घेतला होता, त्याच्या अठराव्या खंडात व्हॅलान्सिएननं या माशाचं वर्णन केलं आणि अंगावरच्या रेघांवरून त्याला 'लिनिएटस' म्हटलं. नमुना जिथून आला ते ठिकाण म्हणून नोंद आहे मुंबईची. 1846 ची मुंबई म्हणजे तटबंदीच्या आत दाटलेलं शहर, बाहेर नारळी-पोफळीच्या वाड्या, मधे भातशेती आणि खाजणं, आणि वाडी तिथं विहीर. पिकूला याहून चांगली वस्ती मिळाली नसती.

पुढची साठ वर्षं शहर बदलत गेलं. 1854 साली पाऊस फिरला आणि मुंबईची तहान विहिरींनी भागेना, तेव्हा विहार तलावाची योजना मार्गी लागली. 1860 मध्ये नळाचं पाणी आलं, मग तुळशी, मग तानसा. पण नळ आला म्हणून विहीर गेली नाही. घरोघरच्या विहिरी धुण्याभांड्यासाठी, बागेसाठी आणि त्याहून अधिक देवाधर्मासाठी राहिल्या. पारशी कुटुंबांना पूजेसाठी विहिरीचंच पाणी लागे, हिंदूंना सोवळ्याचं पाणी लागे, जैनांचे नियम वेगळे. चर्चगेटजवळची भीखा बेहराम विहीर 1725 सालची. समुद्राच्या इतक्या जवळ असूनही तिला गोडं पाणी लागलं, आणि आजही पारशी लोक तिथं दिवा लावून हात जोडतात. अशा मोठ्या विहिरींच्या जोडीला घराघरांच्या परसात आणि चौकात कितीतरी लहान विहिरी होत्या.

त्या विहिरींत आणखी कुणी राहत होतं. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉसनं डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला आणि हिवताप 'खराब हवेनं' होतो ही जुनी समजूत मोडली. चारच वर्षांनी, 1901 मध्ये, लिस्टननं ॲनोफिलिस स्टिफेन्साय या डासाचं वर्णन केलं. हा डास शहरी स्वभावाचा. त्याला गढूळ डबकं नको, स्वच्छ, थंड, सावलीतलं पाणी हवं. म्हणजे विहीर, हौद, कारंजं, गच्चीवरची टाकी. मुंबईत नव्या गोदीचं बांधकाम चालू असताना हिवतापानं कहर केला, तेव्हा सरकारनं डॉ. चार्ल्स बेंटली यांना तपासाला नेमलं. त्यांचा अहवाल 1911 मध्ये छापला गेला. निष्कर्ष सरळ होता. मुंबईचा हिवताप मुंबईच्या विहिरी पोसत आहेत, त्या बंद करा.

महापालिकेच्या नोटिसा निघू लागल्या आणि शहर ढवळून निघालं. त्या काळात रुस्तम पेस्तनजी मसानी हे पालिकेचे चिटणीस होते. पुढे ते मुंबईचे पहिले भारतीय आयुक्त झाले. विहिरी वाचवण्यासाठी येणारे अर्ज, गाऱ्हाणी आणि त्यांतल्या कथा त्यांच्या कानावर येत. विहिरीत कुणाचा तरी वास आहे, ती बुजवली तर घरावर अरिष्ट येईल, असं सांगणारी माणसं शिकलेली होती, श्रीमंत होती आणि मनापासून बोलत होती. मसानींनी ती हसण्यावारी नेली नाहीत. जगभरच्या जलपूजेच्या चालीरीती गोळा करून त्यांनी 1918 मध्ये विहिरींच्या लोककथांवर इंग्रजीत एक पुस्तकच लिहिलं. सरकारी नोटिशीतून असं पुस्तक जन्माला यावं, हे त्या काळच्या मुंबईचं मोठेपण आहे. शेवटी तडजोड निघाली. विहिरीवर पक्कं झाकण, त्यात बारीक तारेच्या जाळीची खिडकी, पाणी काढायला पंप किंवा तेवढ्यापुरतं उघडणारं दार. पाण्याला ऊन दिसावं ही धर्माची गरज आणि डासाला वाट मिळू नये ही आरोग्यखात्याची गरज, दोन्ही एका जाळीत बसवण्यात आल्या.

दुसरा एक उपाय विहिरीतच होता.

डासाची अळी पाण्यात वाढते, पण श्वास हवेतून घेते. घरातल्या साध्या डासाची अळी शेपटाकडची नळी वर काढून पाण्यात डोकं खाली करून लटकते. ॲनोफिलिसच्या अळीला अशी लांब नळी नसते. तिला पृष्ठभागाला समांतर, आडवं पडूनच राहावं लागतं. म्हणजे पिकूचं तोंड जिथं असतं, नेमकं तिथं. तळाशी चरणाऱ्या माशाला ती अळी दिसत नाही, मधल्या थरातल्या माशाला तिच्यासाठी वर यावं लागतं. पिकूला फक्त तोंड उघडावं लागतं. दिव्याच्या उजेडात हे पाहिलं तर विश्वास बसतो. बशीभर अळ्या ओतल्या, तर दोन-तीन पिकू पाण्यावर ओरखडेही न उठवता एकेक वेचत जातात आणि काही मिनिटांत पाणी साफ होतं.

विहिरीत मासे आणि कासव सोडण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पाणी 'जिवंत' राहतं, असं म्हातारी माणसं सांगत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांनी त्या रितीला आकडे आणि नावं दिली. 1912 मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमनं सेवेल आणि चौधुरी यांची एक पुस्तिका काढली. डासांचा नाश करण्यात उपयोगी ठरलेल्या हिंदुस्थानी माशांची ती ओळख होती आणि त्यांत पिकूच्या कुळातल्या माशांना मानाचं स्थान होतं. 1938 मध्ये सुंदरलाल होरा आणि मुखर्जी यांनी याच विषयावर सरकारी आरोग्य पत्रिका लिहिली. मुंबई इलाख्याच्या मत्स्यखात्यातले सी. व्ही. कुलकर्णी याच काळात किनाऱ्यावरच्या मचूळ पाण्यातले लहान मासे तपासत होते. 1940 मध्ये त्यांनी जेमतेम दोन सेंटिमीटरचा, आरपार दिसणारा, पृष्ठभागाशीच राहणारा एक मासा जगापुढे आणला. त्याची शरीररचना इतकी निराळी होती की त्यासाठी त्यांनी नवं कुळच मांडलं. माशाला नाव दिलं होराइक्थिस सेतनाय, एक होरांवरून आणि दुसरं मत्स्यखात्याचे प्रमुख सेतना यांच्यावरून. आपल्या खाजणातल्या बोटाच्या पेराएवढ्या माशासाठी एका मराठी संशोधकानं घेतलेले हे कष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवेत.

विहिरीतल्या पिकूच्या कामाला मर्यादा होत्याच. काठाला गवत-शेवाळ माजलं की अळ्या त्यात दडतात. पोहऱ्याबरोबर मासे वर येतात. आणि झाकण बसलेल्या विहिरीत वरून पडणारे किडे थांबतात, मग माशानं खावं काय? जाळीनं डास अडवला तसा पिकूचा घासही अडवला. त्यानंतर ज्या विहिरी बुजवल्या, त्यांच्याबरोबर तो मुकाट्यानं गेला. त्याची नोंद कुणी ठेवली नाही.

याच वर्षांत पिकूची दुसरी कथा सातासमुद्रापार सुरू झाली होती.

युरोपात घरात मासे पाळण्याची लाट एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयानं 1853 मध्ये माशांचं घर उघडलं, पुढच्याच वर्षी फिलिप गॉसच्या पुस्तकानं 'अक्वेरियम' हा शब्द घरोघरी पोचवला. जर्मनीत 1856 साली रोसमेस्लरनं एका लोकप्रिय साप्ताहिकात 'काचेतलं तळं' या नावाचा लेख लिहिला आणि मध्यमवर्गाच्या खिडक्यांत टाक्या दिसू लागल्या. सुरुवातीला त्यांत आसपासच्या डबक्यातले मासे असत. गरम देशांतले मासे आणायचे, तर जहाज हवं, आणि जहाजावर त्यांची काळजी घेणारा माणूस हवा. हे काम हॅम्बुर्गच्या खलाशांनी केलं. पत्र्याच्या बरण्यांत मासे घालून ते उबदार जागी ठेवायचे, पाणी बदलत राहायचं, जे वाचतील ते बंदरावरच्या व्यापाऱ्याला विकायचे. पिकूसारखा मासा या प्रवासाला सोसण्यासारखा होता. तो अंगानं लहान आणि थोड्या पाण्यात तगणारा, शिवाय पृष्ठभागावरच्या हवेच्या लगत असल्यानं प्राणवायूची टंचाई त्याला इतरांपेक्षा कमी भासते. एकच अट होती, बरणीचं तोंड बांधून ठेवा.

1909 च्या सुमारास रेघांचा पिकू जर्मनीत पोचला. त्याचा धाकटा भाऊ, जेमतेम पाच सेंटिमीटरचा, त्याच सुमारास कोचीनहून गेला. 1911 मध्ये हॅम्बुर्गच्या आर्नोल्डनं त्याचं वर्णन केलं आणि तो मासा आणणाऱ्या ब्लॉक नावाच्या जहाजी कप्तानावरून त्याला 'ब्लॉकिआय' म्हटलं. आर्नोल्ड विद्यापीठातला पंडित नव्हता, मत्स्यपालनाचा हौशी होता. आपल्या किनाऱ्यावरच्या एका माशाचं शास्त्रीय नाव असं हौशी माणसाच्या टाकीतून आलं. जर्मनांनी या कुळाला आपल्या भाषेत 'छोटा पाइक' अशा अर्थाचं नाव दिलं. हॅमिल्टनला बंगालमध्ये जे साम्य दिसलं होतं, तेच त्यांनाही दिसलं. अमेरिकेत विल्यम इन्स यांचा शोभिवंत माशांवरचा ग्रंथ 1935 मध्ये आला आणि दोन पिढ्या त्यावर वाढल्या. त्यात पँचॅक्स कुळाला जागा होती.

पिकूच्या पिल्लावळीचं तंत्रही हौशी लोकांनीच बसवलं. मादी एका दमात शेकड्यानं अंडी घालत नाही. रोज थोडी थोडी, तरंगत्या झाडांच्या मुळांना चिकटवत जाते. म्हणून बुचाला लोकरीचे धागे बांधून एक झुपका करायचा, तो पाण्यावर सोडायचा. दोन-चार दिवसांनी झुपका काढून पिळायचा आणि धाग्यांतली अंडी बोटानं वेचायची. साधारण दोन मिलिमीटरचं, काचेच्या मण्यासारखं अंडं बोटात फुटत नाही इतकं टणक असतं. वेगळ्या भांड्यात ठेवलं तर बारा ते चौदा दिवसांत पिल्लू बाहेर येतं. आई-बापांच्या टाकीत ठेवलं तर ते त्यांच्याच पोटात जातं. पोस्टाच्या पाकिटातून ओलसर शेवाळात गुंडाळलेली अशी अंडी एका गावातून दुसऱ्या गावी पाठवण्याची पद्धत किली माशांच्या, म्हणजे पिकू ज्यांत मोडतो त्या गटाच्या, हौशींनी रूढ केली, ती या टणकपणाच्या जिवावर.

मग हा मासा प्रयोगशाळेत गेला. काळोखातही त्याची शिकार चुकत नाही, हे पाळणाऱ्यांना ठाऊक होतं. पण कसं, हे जर्मन संशोधकांनी उलगडलं. एरिश श्वार्ट्झ आणि त्यांच्यानंतर होर्स्ट ब्लेकमान यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या या माशावर वर्षानुवर्षं प्रयोग केले. पाण्यावर किडा पडला की बारीक लहरी उठतात. पिकूच्या डोक्याच्या सपाट माथ्यावर संवेदनशील पेशींचे गट असतात, त्यांना त्या लहरी कळतात. लहर कुठल्या बाजूनं आली यावरून दिशा आणि ती कशी पसरत आली यावरून अंतर, असा हिशेब तो मासा डोळ्यांशिवाय करतो आणि नेमका तिथं वळतो. सपाट पाठ, वर उघडणारं तोंड आणि त्या माथ्यावरचं हे कान नसलेलं ऐकणं, हे सगळं एकाच कामाचं सामान आहे. माथ्यावरचा तो चांदीचा ठिपकाही नुसता नक्षीचा नाही. त्याच्याखाली मेंदूचा उजेड ओळखणारा भाग आहे.

इकडे मायदेशात त्याची जागा परक्या माशांनी घेतली. दक्षिण अमेरिकेतला गप्पी 1908 ते 1910 च्या दरम्यान भारतात आला, तर अमेरिकेतला गॅम्बुसिया 1928 मध्ये इटलीमार्गे डॉ. बी. ए. राव यांनी म्हैसूर संस्थानात आणला. दोघेही अंडी न घालता थेट पिल्लं देतात. लोकरीचा झुपका नको, अंडी वेचणं नको. ड्रमभर मासे सोडा, महिन्या-दोन महिन्यांत दुप्पट-चौपट. गप्पी तर गटाराच्या पाण्यातही जगतो. आरोग्यखात्याच्या दृष्टीनं ही मोठीच सोय होती आणि त्या काळाच्या अडचणी पाहता तिला सरसकट दोष देता येत नाही. पण सोय पाहताना घरचा कामकरी नजरेआड झाला हेही खरं. गॅम्बुसियानं जगात अनेक ठिकाणी स्थानिक माशांची अंडी-पिल्लं आणि बेडकांची पोरं फस्त केली, हे आता सिद्ध झालेलं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं, 1953 मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि फवाऱ्यापुढे माशांकडे पाहायला कुणाला वेळ उरला नाही.

डास मात्र विषाला सरावले आणि मासे परत आठवले. इथं गोव्याचं उदाहरण मुद्दाम सांगायला हवं. पर्यटनामुळे किनाऱ्यावर बांधकामं वाढली, बांधकामाच्या पाण्यात, टाक्यांत, कारंज्यांत आणि विहिरींत स्टिफेन्साय माजला, आणि कामगारांच्या वस्त्यांतून हिवताप पसरला. पणजीच्या मलेरिया संशोधन केंद्रात काम करणारे अश्वनी कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांदोळी भागात एक प्रयोग केला. मासा बाहेरून आणला नाही. गोव्याच्याच पाण्यात सापडणारा ब्लॉकिआय, म्हणजे कप्तान ब्लॉकच्या नावाचा तोच छोटा पिकू, विहिरी आणि टाक्यांत सोडला. जिथं मासा टिकणार नाही, अशा बांधकामाच्या साचलेल्या पाण्यात अळ्या मारणाऱ्या जिवाणूंची फवारणी केली. अळ्या घटल्या, हिवतापाचे रुग्णही घटले. 1998 मध्ये हा अभ्यास अमेरिकेतल्या डास नियंत्रणाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गप्पी-गॅम्बुसियाशिवाय, घरच्या माशानं हे काम होतं याचा हा कागदोपत्री पुरावा आहे, आणि त्याचा जेवढा गाजावाजा व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. आता तर स्टिफेन्साय आपल्यापुरता राहिलेला नाही. 2012 मध्ये तो जिबूतीत सापडला आणि तिथून इथिओपिया, सुदानकडे सरकला. मुंबईच्या विहिरींनी शिकवलेला धडा आता आफ्रिकेच्या शहरांना गिरवावा लागतो आहे.

मुंबईकर मासे काचेत पाहायला शिकले ते मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात. डी. बी. तारापोरवाला यांच्या देणगीतून उभं राहिलेलं हे मत्स्यालय 1951 मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते खुलं झालं. सुट्टीत मुलांना घेऊन जाण्याचं ते ठिकाण होतं. त्यानंतर क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला आणि कुर्ल्याला प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून मासे विकणारी दुकानं वाढली. गोल्डफिश, एंजल, मॉली, मग फ्लॉवरहॉर्न, अरोवाना. त्या गर्दीत कधीतरी 'गोल्डन वंडर' या नावानं एक पिवळाधमक, टोकदार मासा दिसतो. पृष्ठभागाशी निश्चल उभा, माथ्यावर ठिपका. हा पिकूच आहे. परदेशी टाक्यांत पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेली त्याची पिवळी जात व्यापाराच्या वाटेनं आपल्याकडे आली आहे. विकणारा त्याला परदेशी समजतो, घेणाराही.

ज्यांना तो घरी ठेवायचा आहे, त्यांनी मूळ रंगाचा, हिरवट-सोनेरी पिकू पाहावा. नराच्या अंगावर खवल्याखवल्याला सोनेरी-हिरवे टिपके असतात आणि उन्हाची तिरीप पडली की ते पेटल्यासारखे दिसतात. मादीच्या अंगावर काळे उभे पट्टे आणि पाठीच्या पराच्या बुडाशी एक काळा ठिपका. टाकी खोल नसली तरी चालेल, पण लांब-रुंद हवी, कारण या माशाला खोली लागत नाही, पृष्ठभाग लागतो. पाणी काठाच्या दोन-तीन इंच खाली ठेवावं. वर गोंडाळ किंवा तसलं एखादं तरंगतं झाड सोडावं. त्याच्या सावलीत मासा बिनघोर राहतो आणि बिचकून उडी मारण्याचं प्रमाण कमी होतं. झाकण तर हवंच. हीटरची वायर आणि फिल्टरची नळी जिथून आत जाते, ती बोटभर फटसुद्धा स्पंजच्या तुकड्यानं बुजवावी, पिकूला तेवढी पुरते. त्याच्या बरोबरीचे मासे त्याच्यासोबत बिनधोक राहतील, पण त्याच्या तोंडात मावणारा मासा ठेवू नये. आणि त्याला रोज कोरडे दाणे टाकण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा डासाच्या अळ्या घालाव्यात. रात्री खोलीत सगळं सामसूम झालं की कधीतरी झाकणाला आतून 'टक्' असा आवाज येतो. दिव्याभोवती फिरणारा किडा काचेवर बसला असतो आणि खालून त्याचा अंदाज चुकलेला असतो.

निसर्ग संवर्धनाच्या जागतिक यादीत पिकू धोक्यात नाही. ओढे आहेत, खाचरं आहेत, तिथं तो आहे. पण गावोगाव ओढ्यांच्या काठांना सिमेंट लागतं आहे, शेतात औषधं वाढली आहेत, विहिरी कचऱ्यानं भरत आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर 'गप्पी मासे सोडा' ही मोहीम निघते आणि ग्रामपंचायतीच्या आवारात मुलं बादल्या घेऊन रांगेत उभी राहतात. मोहिमेचा हेतू चांगला आहे. टाकी, हौद, गटार, जिथं कुठलाच मासा नाही तिथं गप्पी जरूर सोडावा. विहिरीत, तळ्यात, ओढ्यात सोडण्याआधी मात्र काठावरून पाच मिनिटं खाली पाहावं. पाण्यावर चांदीचा ठिपका सरकताना दिसला, तर बादली तशीच परत न्यावी.